कन्नडात म्हटलेलं गाणं

करुणा हे नाव तिला कुणी ठेवलं मला माहीत नाही. ज्यांनी ठेवलं त्यांना पोरीचा स्वभाव पुढं कसा निघणार याचा काही अंदाज नसावा. ती भांडायची. बसच्या कंडक्टरशी, कँटीनवाल्याशी, आमच्या मॅनेजरशी आणि कुणी नसलं तर माझ्याशी. चुकली तरी माफी मागायची नाही. फार झालं तर, "बरं, आता तुमी बोला," एवढं म्हणून समोरच्याला संधी द्यायची.

बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या पॅक करायचा एक कारखाना आहे. तिथं मी सुपरवायझर होते. सगळ्या पोरी मला अक्का म्हणत. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत येतात, एखादा खळगा रिकामा दिसला की ती स्ट्रिप उचलून बाजूला टाकायची, हे काम. आठ तास. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, बोलायची बंदी. करुणा नवीन आली तेव्हा तिचा हात सगळ्यांत चपळ होता, म्हणून माझं तिच्याकडं लक्ष गेलं. मग लक्षात आलं की हिचा डावा खांदा मशीनच्या आवाजाबरोबर हलतोय. मशीन ठक-ठक-फिस्स करायची आणि खांदा बरोबर त्या फिस्सला खाली यायचा. चार दिवस मी बघत राहिले. पाचव्या दिवशी जवळ जाऊन उभी राहिले.

"काय चाललंय?"

"काम."

"तोंडात काय हाय?"

"जीभ."

मास्क काढायला लावला. तोंडात खरंच काही नव्हतं. ती मास्कच्या आत पुटपुटत होती, यमकं जुळवत होती, आठ तास. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "गाणं म्हणतीस व्हय गं?" तर म्हणाली, "मला गाता येत न्हाई, अक्का. मला बोलता येतं. भराभर बोलायलेय, एवढंच." ज्याला रॅप म्हणतात ते हेच, हे मला तिनं नंतर सांगितलं. मी आपली भजन आणि सिनेमातली गाणी एवढ्यावर वाढलेली बाई. सुरुवातीला मला ते भांडणच वाटलं. अजूनही तसंच वाटतं, फक्त आता ते भांडण कुणाशी होतं ते कळतं.

लिहायची कशावर, तर गोळ्यांच्या डब्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांवर. छपाई बिघडलेली पत्रकं आम्ही फेकून द्यायचो, ती ही गोळा करायची. पुढं दुष्परिणामांची यादी आणि मागं हिचं बारीक अक्षर. मराठीही लिहायची, दखनीही आणि कन्नडही. आमच्या भागात बहुतेकांच्या तोंडात तीन भाषा असतात, त्याचं कुणाला कौतुक नाही. पण तिन्हीत भांडता येणारी मी हिलाच पाहिली.

तिच्या फोनची काच तडकलेली होती. तरी त्या तडकलेल्या काचेत ती रोज सुट्टीत पॅलेस्टाईनच्या पोरापोरींचे व्हिडिओ बघायची. मागं पडक्या भिंती, वाकलेल्या सळया, आणि पुढं गच्चीवर उभी राहून पंचविशीच्या आतली पोरं हात हलवत रॅप करताहेत. खाली इंग्रजीत अर्थ यायचा. माझं इंग्रजी औषधाच्या डब्यावरचं, तरी मीच अडखळत सांगायची. आमच्यातली शमीम मदरशात शिकलेली. करुणा तिला म्हणाली, "तुला अरबी येती की, सांग." शमीम माझ्याकडं बघून म्हणाली, "मेरे कू पढने आता अक्का, समजता नहीं." मग आम्ही तिघी त्या फोनवर वाकून बसायचो, एकीला वाचता येतं पण कळत नाही, एकीला अर्धवट कळतं आणि एकीला काहीच येत नसून सगळं कळतंय.

त्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी होती. ती एका कडव्यात बंदूक घेतलेल्या शिपायांना सुनवायची आणि दुसऱ्या कडव्यात स्वतःच्या काका-मामांना, पोरीनं चार लोकांत उभं राहू नये म्हणणाऱ्यांना. करुणानं तिचा व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे. "अक्का, ही दोन्हीकडं भांडायलीय बगा," म्हणाली. "भाईरच्याशी बी आन घरच्याशी बी. तिला कुनीतरी मनलं आसंल की वो, आदी भाईरचं मिटू दे, मग घरचं बगू. ती न्हाई थांबली." नंतर त्या मुलीचे नवीन व्हिडिओ येईनासे झाले. करुणा रोज बघायची आणि "रेंज नसंल" म्हणून फोन बंद करायची. काही महिन्यांनी तिनं रेंजचं नाव काढणंही सोडलं, बघणं सोडलं नाही.

तिला गाण्याखाली हलगी हवी होती. तिच्या गावच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ती वाजू दिली नाही. गावकीची ती हलगी त्यांच्या बापांनी धर्म बदलला तेव्हा विहिरीत टाकली होती, पुन्हा कुणाच्या दारात वाजवायची नाही म्हणून. एक आजोबा तिला म्हणाले, "आमी मोठ्या मुश्किलीनं खांद्यावरून उतरवली पोरी, तू कामून चढवायलीस?" एरवी कुणालाही उलटून बोलणारी ही पोर त्यांच्यापुढं गप्प बसली. "त्येंचं खरं हाय," मला म्हणाली, "आन माझं बी." शेवटी मशीनचा आवाजच घ्यायचं ठरलं. आत फोन न्यायला बंदी. मी सुपरवायझर, माझी झडती होत नसे. मी फोन ओढणीत गुंडाळून नेला आणि त्या ठक-ठक-फिस्सचा आवाज भरून आणला. तिच्यासाठी मी केलेलं धडाचं काम म्हणाल तर ते एवढंच.

एक खोड मला फार खटकायची. कुठंही गेलं की ती म्हणायची, "च्या काचेच्या गिलासात द्या." कागदी कप दिला तर घ्यायची नाही. मला वाटायचं, नखरे. गावाकडची पोर, शहरात आली की असं होतं.

मग तिनं मला जयंतीला गावी बोलावलं. तिचं गाव बसवकल्याण तालुक्यात, मंठाळवरून आत जावं लागतं. नाव लिहीत नाही. माझं माहेरही त्याच तालुक्यातलं, शेतकऱ्यांचं घर, आडनाव ऐकून लोक पाट मांडणार असं. ऊन रणरणत होतं. बसमधून उतरलो तर समोरच हॉटेल. करुणा म्हणाली, "दोन च्या. दोनी काचेत." मालकानं माझ्याकडं बघितलं, कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्यानं मला काचेचा गिलास दिला आणि तिला कागदाचा कप. "काचेचे सपले, बाई," म्हणाला. त्याच्या मागं फळीवर सहा गिलास पालथे घातलेले दिसत होते. करुणानं गिलासांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी चहा प्यायले. तहान लागली होती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तिनं कप तसाच बाकावर ठेवला आणि वस्तीकडं चालायला लागली.

त्या दिवशी पाच वाजता वस्तीतल्या मांडवात ती उभी राहिली. निळ्या कमानीखाली हातात माईक, मागं माझ्या मशीनचा आवाज. तिनं आधी बसवलेलं काहीतरी म्हटलं आणि मग न थांबता नवीनच सुरू केलं:

"सहा गिलास पालथे, दिसले की वो काका,
सपले मनायचं आसंल तर आदी गिलास तरी झाका.
संगं आली पाव्हणी, तिच्या हातात काच,
ती बी पिली गुपचूप, मग तुमालाच कशाला जाच?"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. शिट्ट्या, टाळ्या. पाव्हणी कोण ते कुणी वळून बघितलं नाही, तेवढी माणुसकी होती त्यांना. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. परतताना मी तिला म्हणाले, "मला आधी बोलायचं होतंस." ती म्हणाली, "तुमी बी आधी बोलायचं हुतं." नंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, डब्यातली मिरचीही पूर्वीसारखीच दिली. तिच्या मनात काही राहिलं नव्हतं. राहिलं ते माझ्या.

मांडवात सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता तो तिचा मामा, गौतम. करुणा लहान असतानाच तिचे वडील गेले. मामानं बहीण आणि भाची दोघींना सांभाळलं. त्याचा टेम्पो होता, तुरी भरून तो कलबुर्गीला डाळमिलवर न्यायचा. करुणाला शाळेत त्यानं घातलं, फोन त्यानं घेऊन दिला, माईकही त्याचाच. तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, सावळा, हसला की डोळे मिटणारा माणूस. आणि त्याच्याशीच तिचं लग्न ठरलेलं होतं. ती पाळण्यात असतानाच आजीनं "माझ्या गौतमचीच" म्हणून तिच्या हातात कडी घातली होती. आमच्याकडं मामाचा हक्क पहिला. धर्म बदलले, देव बदलले, हे कुठल्याच घरात बदललं नाही, आमच्यातही चालतं. मामा तिच्यासाठी थांबला होता. थांबला होता म्हणजे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"मामा वाईट आसता तर सोपं गेलं आसतं," करुणा म्हणायची. "त्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दावली, अक्का. त्या खांद्यावर मी आता डोकं कसं ठिवू?" तिची आई म्हणायची, मामाच्या घरात गेलीस तर गाणंबी चालू राहील, दुसरा कोण ऐकून घेणार आहे? वस्तीतले लोक म्हणायचे, गावाला हाण, खुशाल हाण, आम्ही मागं आहोत, पण घरचं घरात. हे तिला सहन होत नव्हतं. तिला त्यावरच गाणं करायचं होतं आणि मामाच्या मनाला लागू द्यायचं नव्हतं.

कलबुर्गीच्या एका कॉलेजात तरुणांची स्पर्धा होती. तिथं ते गाणं म्हणायचं तिनं ठरवलं. आणि इथं मी माझी अक्कल पाजळली. म्हणाले, "कन्नडात लिव्ह. घरात कुनाला कळतंय?"

हा मूर्खपणा आमच्या सीमेवरचाच माणूस करू शकतो. आमच्या डोक्यात वाटण्या पक्क्या झालेल्या असतात, मराठी घराची, दखनी बाजाराची आणि कन्नड कचेरीची. जमिनीचे उतारे, बँक, पोलीस, कोर्ट हे कन्नडात. त्या भाषेत कुणी आपल्या घरातलं बोलेल असं आमच्या मनातच येत नाही. म्हणून ती भाषा घरातल्याही बऱ्याच जणांना कळते, हे आम्ही विसरतो. करुणाला माझं म्हणणं पटलं. मामाला तिनं सांगितलं, चहाच्या कपाचंच गाणं आहे, तुझा माल उतरेपर्यंत माझं होऊन जाईल, तू मिलवरच थांब.

त्याच्याच टेम्पोतून आम्ही गेलो. कॉलेजच्या फाटकाशी त्यानं आम्हाला सोडलं. करुणाचा नंबर शेवटी-शेवटी आला. मी दाराजवळ उभी होते. ती स्टेजवर गेली आणि त्याच वेळी मामा आत आला. माल लवकर उतरला होता. केसांत, भुवयांवर, शर्टावर तुरीची पिवळी धूळ. मला बघून हसला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

ती म्हणत होती, मामा, तू मला चालायला शिकवलंस ते काय तुझ्याच उंबऱ्यापर्यंत यायला? कडी घातली तेव्हा मला दात नव्हते, नाहीतर चावले असते. तुलाही कुणी विचारलं नाही आणि मलाही, आपण दोघं एका दाव्याची दोन जनावरं. तू सोड, मी सोडते. ती हे भराभर बोलत होती, पण एकेक शब्द सुटा ऐकू येत होता. वीस वर्षं मिलवरच्या हमालांशी कन्नडात बोलणाऱ्या माणसाला त्यातलं काय कळणार नव्हतं? मी त्याच्याकडं बघितलं नाही. गाणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या. तेव्हा तिला तो दिसला.

तिला दुसरं बक्षीस मिळालं. परतताना केबिनमध्ये आम्ही तिघं, ती मधे. हुमनाबाद आलं. मग मामा समोर बघतच म्हणाला, "गानं चांगलं हाय." थोड्या वेळानं म्हणाला, "मला मराठीत सांगायचं की गं. मी ऐकलं नसतं व्हय?" करुणा बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसली होती. ती कधी रडलेली मी पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली.

घरी जाऊन मामानं बहिणीला सांगितलं की मी हे लग्न करत नाही. का ते सांगितलं नाही, तिचं नाव येऊ नये म्हणून. पण कुणीतरी स्पर्धेचा व्हिडिओ फोनवर पाठवला आणि तो वस्तीत पोचला. वस्तीतल्या सगळ्या पोरांना शाळेत कन्नड आहे. त्या पोरांना मधे बसवून म्हाताऱ्या बायकांनी एकेक ओळीचा अर्थ विचारून घेतला. पोरांनी इमानेइतबारे सांगितला. गावाविरुद्ध गायलेल्या गाण्याला ज्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या, त्यांनी तिच्या आईशी बोलणं टाकलं.

आणि मग ते झालं जे ना तिच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या. ज्या पोरीवर मामाचा पहिला हक्क, तिला मामाच नको म्हणाला, तर तिच्यात काहीतरी खोट असणार, असा आमच्याकडं हिशेब. मामा घरोघर सांगत फिरला की पोरीत काही वाईट नाही, मीच नालायक. जितकं सांगत गेला तितका संशय वाढत गेला. आई खचली. महिन्याभरात आळंद भागातलं एक स्थळ आलं, बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्यांची अट एवढीच होती की फोन आणि गाणं माहेरी ठेवून यायचं.

एका रविवारी दुपारी करुणा पिशवी घेऊन माझ्या बीदरच्या खोलीवर आली. मी विधवा, एकटी राहणारी, खोलीत दुसऱ्या माणसाला झोपायला जागा होती. ती म्हणाली, "अक्का, आठ दीस ठिवून घ्या. मामा मनलाय, तवर कायतरी करतो." मी तिला जेवू घातलं. मग म्हणाले की तुझे लोक इथं येतील, मी बाईमाणूस कुणाकुणाला तोंड देऊ, घरमालक काय म्हणेल, माझा भाऊ काय म्हणेल. हे सगळं खरं होतं. माझी पोर असती, किंवा माझ्या भावाची, तर हे सगळं असूनही मी तिला आत ठेवून दार लावून घेतलं असतं, हेही खरं. ते मी बोलले नाही आणि तिला ते ऐकू आलं.

मी वाट बघत होते की ती आता भांडेल. कंडक्टरशी भांडायची तशी उभी राहील आणि माझं सगळं माप काढेल. ती फक्त म्हणाली, "व्हय." संध्याकाळच्या बसमध्ये मीच तिला बसवून दिलं, खिडकीजवळची जागा मिळवून दिली, वाटेत खायला केळी दिली.

लग्नाला मी गेले नाही. पुढं एकदा मामा कारखान्याच्या फाटकाशी भेटला. तिचे राहिलेले कागद न्यायला आला होता. त्या पत्रकांचा गठ्ठा मी त्याला दिला. तो चाळत उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं, मी न्हाई मनलं की ती सुटंल." त्याचं लग्न अजून झालेलं नाही.

तिला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. पेन्शनच्या कागदासाठी कलबुर्गीला गेले होते. बसस्टँडवर दुपारची वेळ. कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल, शेजारी नवरा. माणूस दिसायला साधा होता, मुलाचं टोपडं नीट करत होता. करुणानंच मला हाक मारली, "अक्का." अंगानं भरली होती, चेहरा नितळ झाला होता. नवऱ्याला म्हणाली, "ह्या आमच्या कंपनीतल्या अक्का." त्यानं मला नमस्कार केला आणि बायको तुमच्याकडं काय काम करायची म्हणून कन्नडात विचारलं. मी उत्तर देण्याआधी तीच म्हणाली, "पॅकिंग."

तो पाण्याची बाटली आणायला गेला. दोन मिनिटं मिळाली. मी काय विचारणार आहे हे तिला दिसलं असावं, कारण तिनं मला विचारू दिलं नाही. मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आता डोक्यात काय बी वाजत न्हाई, अक्का. नीज लय चांगली लागती."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. औषध लागू पडल्यावर माणूस सांगतो तसं सांगत होती.

मी म्हणाले, "बरं झालं."